मोजणीदार स्तब्ध का उभा आहे?

महोदय,

जमीन मोजणीची जुनी छायाचित्रे छापताना ‘काम चालू असताना टिपलेला क्षण’ अशी ओळ सर्रास दिली जाते. १८८० पूर्वीच्या चित्रांबाबत ती बहुधा चुकीची ठरते.

तेव्हा ओल्या कोलोडियनची (काचेवर पातळ थर देणाऱ्या चिकट द्रावणाची) पद्धत होती. काचेवर कोलोडियन ओतायचे, ते चिकट असतानाच अंधाऱ्या तंबूत काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तीनेक मिनिटे बुडवायची, ओलीच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्याआधी फेरस सल्फेटने डेव्हलप करायची, म्हणजे चित्र उमटवायचे. उन्हात हे सारे काही मिनिटांत उरकावे लागे. उशीर झाला की काच कडेने वाळून डाग पडत. अमेरिकी छायाचित्रकार टिमोथी ओ’सलिव्हन १८६७ साली भूगर्भशास्त्रज्ञ क्लॅरेन्स किंगच्या सर्वेक्षणाबरोबर नेवाडाच्या वाळवंटात फिरला, तो खेचरांच्या गाडीतली डार्करूम घेऊनच.

एक्स्पोजर (काचेवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) अनेकदा काही सेकंदांचे. हलणारा माणूस पुसट येणार, म्हणून थिओडोलाइटला (कोन मोजण्याच्या दुर्बिणीला) डोळा लावलेला मोजणीदार आणि अंतर मोजायची साखळी धरलेले गडी मुद्दाम थांबवलेले असत. कोलोडियनला निळा प्रकाश जास्त भावतो, तांबडा जवळजवळ नाहीच. त्यामुळे आकाश कोरे पांढरे येते (त्याला ‘धुके’ म्हणणारे महाभाग आहेत!) आणि तांबडे निशाण काळे दिसते.

साखळीही नीट पाहावी. इंग्रजी पद्धतीची गुंटरची साखळी ६६ फुटी, १०० कड्यांची. मुंबई इलाख्यातली मात्र ३३ फुटी, १६ आण्यांची, म्हणजे १६ भागांची. आपला ३३ बाय ३३ फुटांचा गुंठा तिचाच. ओळीत निदान ‘मोजणीदारांचे बेतून घेतलेले छायाचित्र’ एवढे तरी लिहावे.

— भूमापनाचा एक अभ्यासक, पुणे