गुणपत्रिकेत न दिसणारं नाट्यशिक्षण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रवेशाचे दिवस आले की ‘नाटक शिकून पोट भरतं का?’ हा प्रश्न घरोघरी निघतो आणि नाट्यविभाग उत्तरादाखल नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी पुढे करतात. मला हे उत्तर पटत नाही. निव्वळ अभिनयावर जगणारे थोडेच असतात. बाकीच्यांच्या पदरी काय पडलं, हे पाहायचं तर विंगेत उभं राहावं लागेल.

विद्यार्थ्यांच्या प्रयोगाचा रंगमंच व्यवस्थापक पाहा. त्याच्या हातात संहितेची प्रॉम्प्ट कॉपी असते. पात्रांच्या एन्ट्र्या, हालचाली, प्रकाशाचे आणि ध्वनीचे क्यू (म्हणजे ते नेमके कधी बदलायचे याच्या खुणा), सगळं तिच्यात पेन्सिलीने टिपलेलं. पेन्सिलीनेच, कारण तालमीत रोज काहीतरी बदलतं. प्रयोग सुरू झाला की प्रत्येक क्यूसाठी आधी ‘स्टँडबाय’, म्हणजे तयार राहा, मग नेमक्या शब्दावर ‘गो’, म्हणजे आता करा, असं सांगायचं. नटाने मधल्या चार ओळी गाळल्या तर त्या ओळींवरचे क्यू सोडायचे की घ्यायचे, हे तिथल्या तिथे ठरवायचं आणि दिवे, ध्वनी, नेपथ्य सांभाळणाऱ्यांपर्यंत दबक्या आवाजात पोहोचवायचं. पडदा पडल्यावर अहवाल लिहायचा: कुठला अंक किती मिनिटं चालला, काय मोडलं, कोण उशिरा आलं. पुढच्या प्रयोगाआधी हे सगळं दुरुस्त झालेलं हवं. विशीतला विद्यार्थी हे करतो, तेही तिकिटं गेलेली असताना, जेव्हा मुदतवाढ मागायची सोय नसते. कोणत्याही कचेरीत यालाच प्रकल्प सांभाळणं म्हणतात.

अभिनयाच्या वर्गाचंही तसंच. १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटर उभं करणाऱ्यांपैकी एक, स्तानिस्लावस्की, यांनी नटाला एक सवय लावली: या प्रसंगात या पात्राला समोरच्याकडून नेमकं काय हवंय, हे आधी शोधायचं. ही सवय अंगी मुरलेला माणूस शिक्षक, समुपदेशक किंवा वाटाघाटी करणारा म्हणून वेगळा उठून दिसतो. तो समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकतो!

इतर क्षेत्रांनी हे केव्हाच ओळखलंय. डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी रुग्णाची भूमिका वठवणारी व्यक्ती तयार केली. आज रुग्णाशी कसं बोलावं, हे अनेक देशांतले भावी डॉक्टर अशा प्रशिक्षित ‘रुग्णां’समोर शिकतात आणि तिथेच त्यांची परीक्षाही होते. अमेरिकेतल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात २००९ पासून शास्त्रज्ञांना आपलं संशोधन समजावून सांगायला शिकवलं जातं, तेही उत्स्फूर्त नाट्याचे खेळ घेऊन.

मात्र आपल्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर येतं काय? ‘नाट्यनिर्मिती, प्रात्यक्षिक’ आणि पुढे एक आकडा. मुलाखत घेणाऱ्याला त्यातून काय कळणार? विद्यार्थीही अर्जात ‘नाटकात काम केलं’ एवढंच लिहून मोकळे होतात, कारण स्वतःच्या कामाचं वर्णन करायला त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. याची मला मनापासून खंत वाटते.

विद्यापीठांनी पदवीसोबत प्रत्येकाला निर्मितीचं स्वतंत्र पत्रक द्यावं. कोणतं नाटक, कोणती जबाबदारी, किती जणांचा चमू, किती खर्चाची मर्यादा, किती प्रयोग, हे त्यात नोंदवावं आणि त्यावर विभागप्रमुखांची सही असावी. ही माहिती प्रत्येक निर्मितीच्या फाइलमध्ये असतेच, त्यामुळे वेगळा निधी लागणार नाही. शेवटच्या वर्षाला बसलेल्या विद्यार्थ्यांपासूनच ही सुरुवात करता येईल.

आपली,
नाट्यशास्त्राची एक माजी विद्यार्थिनी