कोंडाईबारी घाटातल्या त्या माणसांना

गेल्या श्रावणात रात्री अकराच्या सुमारास आईला घेऊन नवापूरहून धुळ्याला निघालो. हिमोग्लोबिन घसरलेलं, धाप लागलेली. कोंडाईबारी घाटात जीपचं टायर फुटलं आणि स्टेपनीतही हवा नाही (चूक माझीच). वर धो धो पाऊस. दर रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उभं राहून देवाविषयी साक्ष देणारा मी, पण तेव्हा ‘प्रभू, ये रे’ याच्यापुढे प्रार्थना सरकेना.

ट्रकवाले दादा, तुम्ही आईला केबिनमध्ये घेतलंत, नाव मात्र सांगितलं नाहीत. क्लिनरने स्वतःची चादर तिच्या पायांवर टाकली. डिझेलचा आणि बिडीचा तो वास अजून आठवतो. दहिवेलला शेजाऱ्याला उठवून गाडी काढायला लावणाऱ्या ताई, तुम्ही चहाचेही पैसे घेतले नाहीत. आणि धुळ्यात पहाटे रक्त देऊन निघून गेलेला तो पोरगा! सगळ्यांचे मनापासून आभार.

बायबलमधल्या दाविदाला गथ नगरात त्याच्या शत्रूंनी, पलिष्ट्यांनी धरलं, तेव्हाचं त्याचं 56वं स्तोत्र आहे. भीती वाटेल तेव्हा तुझ्यावर भरवसा ठेवीन, असं तो देवाला म्हणतो. भीती वाटणारच नाही, असं नाही म्हणत. इतकी वर्षं वाचून ते त्या केबिनमध्ये कळलं.

आई आता बरी आहे. चादर धुऊन ठेवलीय, नवापूरकडे आलात की घेऊन जा.