माळीमामा, मनापासून आभार

माळीमामा, सप्रेम नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण झाड छाटायला आलेला माणूस काम न करता परत जातो आणि त्या खेपेचे पैसेही घेत नाही, हे चार लोकांना कळायला हवं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आमच्या परसातल्या शेवग्याची एक फांदी पार वाळली होती. होळीच्या आत ती उतरवायची, होळीलाही लाकूड होईल, असं घरात ठरलं होतं. तुम्ही शिडी लावून चढलात आणि मध्येच थांबलात. फांदीच्या खालच्या अंगाला लिंबाएवढं गोल भोक होतं. "तांबटाचं घर हाय, ताई. आत्ता नाय तोडायची," एवढंच बोलून खाली उतरलात. मग मातीवर सांडलेला ताजा भुसा दाखवलात. शेवग्याचं लाकूड मुळात ठिसूळ, त्यात वाळलेलं, म्हणून हा पक्षी तिथे ढोली कोरतो. हिरव्या, टणक फांदीत त्याच्या चोचीचं काही चालत नाही, हेही समजावलंत.

मामा, त्या फांदीनं यंदाचा फाल्गुन आमच्या घरात आणला. भर दुपारी कुठून तरी येणारं ते टुक-टुक-टुक मी लहानपणापासून ऐकत होते, पण ते करणारा समोर बसलेला पहिल्यांदाच दिसला. चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा, त्याखाली लाल पट्टा. आवाज काढताना चोच मिटलेलीच! गळा फुगतो आणि प्रत्येक टुकला मान हलते. नर-मादी दिसायला सारखेच, आणि दोघंही आळीपाळीनं कोरत होते. आत शिरलेला पक्षी बराच वेळ दिसायचा नाही, मग दारात तोंड काढून चोचीतला भुसा बाहेर टाकायचा. पुढे पुढे तीच चोच उंबराची फळं घेऊन येऊ लागली, तेव्हा आत पिल्लं आहेत हे आम्हाला उमगलं. आमच्या सासूबाई चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवरच बसायला लागल्या.

एकदा मान वर करायची सवय लागली की बाकीचंही दिसतं. शेवग्याच्या फुलांवर काळेभोर भुंगे आणि जांभळा शिंजीर पक्षी. करंज पान गाळून लगेच कोवळ्या, तुकतुकीत पालवीनं भरला. कडुनिंबाला तांबूस पानं फुटली. पहाटे पाण्याच्या टाकीवर बसून दयाळ पक्षी गातो, तो तर अंधार पुरता सरायची वाटही पाहत नाही.

आणि कढीपत्ता! त्यावरच्या अळ्यांवर औषध मारू नका, असं जाता जाता म्हणाला होतात. लहान अळी पानावर पडलेल्या पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून कुणी तिच्या वाटेला जात नाही. मोठी झाली की हिरवी होते. माझ्या मुलीनं काडीनं हलकेच डिवचलं, तर डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला. त्यातली एक पुढे कोषात गेली आणि काळं, पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीचं फुलपाखरू होऊन उडाली. आमटीला चार पानं कमी पडली, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

परस स्वच्छ ठेवायचं म्हणजे वाळलेलं सगळं काढून टाकायचं, हेच आम्ही शिकलो होतो. वाळलेल्या फांदीलाही काम असतं, हे तुम्ही दाखवलंत. छाटणीवरच ज्याचं पोट आहे, त्यानं ते दाखवावं, याचं मला फार मोल वाटतं.

पलीकडच्या काकूंना त्यांच्या आंब्याचं वाळकं खोड काढायचं आहे. त्यांना तुमचाच नंबर दिलाय आणि आधी मामांना वर चढून बघू द्या, असंही सांगितलंय. याल त्या दिवशी दुपारचं जेवण आमच्याकडेच. मामींनाही घेऊन या.

तुमची,
शेवग्याच्या घरातली ताई