विषय: सर्व्हिस करून दिलेला स्कूबा डायव्हिंगचा रेग्युलेटर पाण्याखाली २८ मीटरवर हवा देईना, आणि वर मलाच प्राणायामाचा सल्ला

मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

आजचा धरून सहा फोन झाले. आता लेखी.

तुमच्याच अधिकृत सेंटरने मार्चमध्ये सर्व्हिस केलेला रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र) घेऊन मी अंदमानात हॅवलॉकला जॉनीज गॉर्ज या डाइव्ह साइटवर उतरले. २८ मीटर, समोरून करंट, टाकीत ११० बार, म्हणजे हवा पुरेशी. खडकाच्या आडोशाला पोचायला दहा-बारा किक जोरात मारल्या आणि हवा अडली. बंद नाही झाली, अडली. ओल्या फडक्यातून श्वास ओढावा तशी. बडीचा, म्हणजे सोबतच्या डायव्हरचा, ऑक्टोपस (जादा माउथपीस) तोंडात घातला, तर त्याच धापेत, त्याच खोलीवर श्वास व्यवस्थित आला. हे मी सहाही वेळा सांगितलं आहे.

आज तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "मॅडम, रेग्युलेटर पास आहे. तुम्ही ओव्हरब्रीद केलंत, तो देतो त्याहून जास्त हवा ओढलीत." पास म्हणजे काय तपासलं? "आयपी साडेनऊ बार आहे ना." आयपी म्हणजे टाकीवरच्या फर्स्ट स्टेजमधून पुढे येणाऱ्या हवेचा दाब. आणि पर्ज, म्हणजे हवा सलग सोडणारं बटण, दाबून धरल्यावर? यावर सात मिनिटं होल्डवर संतूर. मग परत येऊन, "मॅडम, लेडीज जरा पॅनिक होतात. रोज दहा मिनिटं प्राणायाम करत जा." माझे २४० डाइव्ह झालेत. तुमचे किती, असं विचारलं तर म्हणाले, "मला पोहता येत नाही." पोहता येत नाही याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मग श्वास कसा घ्यायचा ते मला शिकवू नका!

ईएन २५० या रेग्युलेटरच्या युरोपीय मानकाचा शिक्का तुम्हीच मारता. त्या चाचणीत ५० मीटरवर मिनिटाला ६२.५ लिटर हवा ओढतात. २८ मीटरवर त्याहून जास्त ओढायला मी काय देवमासा आहे?

पुण्यात एका टेक्निशियनकडे रेग्युलेटरला आयपीचा गेज लावून पाहिला. नुसता ठेवला तर साडेनऊ. पर्ज दाबताच पाच, आणि सोडेपर्यंत पाचच. म्हणजे जोरात हवा ओढली की दाब टिकत नाही. फर्स्ट स्टेजचा फिल्टर काढला तर हिरवागार. नखाने खरवडला तर भुकटी पडली. तुमच्या बिलात 'फिल्टर: नवीन' असं छापलंय. बडीचा ऑक्टोपस चालला आणि माझा नाही, हे मी पुन्हा लिहिते, कारण फोनवर कुणी ऐकलेलं नाही.

अकरा वर्षं तुमचंच सामान वापरते. तारकर्लीत कोणी नवशिक्याने विचारलं की तुमचंच नाव सांगायचे. आता नाही सांगणार.

१५ दिवसांत सर्व्हिसचे पैसे परत, फर्स्ट स्टेज बदलून आणि लेखी खुलासा. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग.

सोबत: बिलाची प्रत, गेजचा व्हिडिओ, फिल्टरचा फोटो. फिल्टर पाठवत नाही. तो माझ्याकडेच राहील.