स्कॉलरशिप घेतेयस ना, मग हे वाच

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस की आई, ख्रिश्चन कॉलेजची स्कॉलरशिप घेतली, तीही कुणा श्रीमंत माणसाच्या नावाची, तर मी त्यांची मिंधी होईन का, आणि उद्या पब्लिक पॉलिसीत काम करायला लागले तर लोक म्हणतील का की ही तर त्यांनी पोसलेली. मी तेव्हा "बघू" म्हणून विषय टाळला कारण बाबा मागून सल्ले देत होते आणि मला घाईत काहीतरी ठोकून द्यायचं नव्हतं. आता सगळं डोक्यात जुळलंय, लिहून टाकते. लांबण लागेल, पण पूर्ण वाच, अर्ध्यात सोडून "ओके मम्मी" असा रिप्लाय नको.

मी इतकी वर्षं ट्रस्टचे हिशोब लिहिलेत, त्यामुळे देणगी म्हटलं की माझं पहिलं लक्ष पावतीवर नाही, सोबतच्या पत्रावर जातं. पैसे कशासाठी दिलेत, कॉर्पसमध्ये, म्हणजे न मोडायच्या मुद्दलात, टाकायचेत की खर्च करायचेत, आणि कुठल्या अटीवर. माणूस केवढा मोठा आहे याला काही अर्थ नसतो, अट काय आहे याला असतो. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

आधी जुनी उदाहरणं घे. दक्षिण आफ्रिकेत १९१६ साली फोर्ट हेअरचं कॉलेज सुरू झालं, स्कॉटिश मिशनऱ्यांच्या पुढाकाराने, चर्चची मदत होती आणि तिथल्या आफ्रिकन लोकांनी स्वतः गोळा केलेले पैसेही होते. सकाळी प्रार्थना, कडक शिस्त, इंग्रजी वळण, हेतू असा की देवभीरू, आज्ञाधारक शिक्षक आणि कारकून तयार व्हावेत. आणि बाहेर पडले कोण तर नेल्सन मंडेला, ऑलिव्हर टांबो, रॉबर्ट सोबुक्वे, गोवन म्बेकी! वर्णभेदाच्या विरोधातली अर्धी फळी त्या एका कॉलेजातली म्हण ना. आणि हो, पुढे झिम्बाब्वेचा हुकूमशहा झालेला रॉबर्ट मुगाबे पण तिथलाच, १९५१ चा पदवीधर. म्हणजे कॉलेज चांगलं म्हणून माणूस चांगलाच निघेल असलं काही मी तुला सांगणार नाहीये.

मंडेलांचा किस्सा तर तुला माहीत असायलाच हवा. १९४० साली जेवणाच्या दर्जावरून आणि विद्यार्थी कौन्सिलला अधिकार नाहीत म्हणून मुलांनी निवडणुकीवर बहिष्कार घातला, तरी थोड्या मुलांनी मत दिलं आणि सहा जण निवडून आले, त्यात हे. सहाही जणांनी राजीनामा दिला, सगळ्या मुलांचा पाठिंबा नाही म्हणून. प्रिन्सिपल होते अलेक्झांडर कर. त्यांनी फेरनिवडणूक लावली, पुन्हा तेच सहा आले, बाकी पाच जण गप बसले पण मंडेला अडून राहिले. कर म्हणाले कौन्सिलवर बस नाहीतर पुढच्या वर्षी येऊ नकोस, सुट्टीत विचार कर. डिग्रीला थोडंच राहिलेलं असताना पोरगा परत गेला नाही. आता गंमत बघ, नियम पाळ, मतदान घे, ठराव मांड, प्रतिनिधी म्हणजे काय हे सगळं त्याला शिकवलं कुणी तर त्याच कॉलेजने, आणि त्या शिकवणीचा पहिला वापर झाला तो कॉलेजच्याच विरोधात. टांबोंनापण १९४२ मध्ये तिथून काढलंच होतं. आणि पुढे १९५९ च्या कायद्यांनी ते कॉलेज वर्णभेदी सरकारने आपल्या ताब्यात घेतलं, मग जी काही थोडी मोकळीक होती तीही गेली. म्हणून "देणगीवाल्यांपेक्षा सरकारी बरं" असं सरसकट बोललं की मला पटत नाही. कोणतं सरकार ते सांग आधी.

आपल्याकडचंच बघ की. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात राधाकृष्णन शिकले, मिशनरी हिंदू धर्मावर जी टीका करायचे ती त्यांना झोंबली आणि १९०८ च्या सुमारास एमएच्या प्रबंधात त्यांनी वेदान्तातल्या नीतीची बाजू मांडली. शिकवणारे ए. जी. हॉग, ते स्वतः मिशनरी, त्यांनी प्रबंधाचं कौतुक केलं. मिशनच्या पैशाने चाललेल्या वर्गात बसून मिशनलाच उत्तर लिहिलं आणि मार्क पण मिळाले, पुढे राष्ट्रपती झाले. मुंबईच्या विल्सन कॉलेजातून मोरारजी देसाई बाहेर पडले, त्यांना कोण स्कॉटिश चर्चचा माणूस म्हणेल?

पण सगळीकडे असे हॉग नसतात. बैरूतला अमेरिकन मिशनने १८६६ साली कॉलेज काढलं, आज ज्याला अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ बैरूत म्हणतात. तिथे १८८२ मध्ये एडविन लुईस नावाच्या प्रोफेसरने भाषणात डार्विनबद्दल चार चांगले शब्द काढले, तर त्याला नोकरी सोडावी लागली, मुलांनी संप केला, कितीतरी मुलं कॉलेज सोडून गेली. त्यातला जुर्जी झैदान पुढे अरबी पत्रकारितेतलं मोठं नाव झाला. विश्वस्त बसलेले न्यूयॉर्कला, वर्ग भरतो बैरूतला, आणि प्रोफेसरने काय बोलायचं ते तिथून ठरतं, हा प्रकार मला अजिबात आवडत नाही, तेव्हाही आणि आताही. तरी त्याच कॉलेजच्या चार्ल्स मलिकनी नंतर मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यावर काम केलं. विचित्र आहे, पण आहे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा. पब्लिक लाइफमध्ये शिरायचं म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं जवळजवळ फुकट काम करायचं. इंटर्नशिप, प्रचारातली धावपळ, कुणाच्या तरी ऑफिसात फाइली लावणं. व्हाइट हाऊसच्या इंटर्न्सना २०२२ पर्यंत पगारच नव्हता! राजधानीत राहायचं, भाडं भरायचं, नीटनेटके कपडे हवेत, आणि हातात शून्य. मग हे कोणाला परवडतं? ज्याचा बाप देऊ शकतो त्याला, किंवा ज्याच्या कॉलेजने कुणाच्या तरी देणगीतून स्टायपेंड आणि राहायची सोय लावून दिली त्याला. आणि ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज नाही त्यालाच कमी पगाराची सरकारी नाहीतर संस्थेतली नोकरी धरता येते, बाकीचे बिचारे जिथे पैसे जास्त तिथे जातात. लोकांना वाटतं देणगीवाले विद्यार्थ्यांचे विचार बदलतात म्हणून त्यांचं वजन. मला नाही तसं वाटत, विचार विशीतल्या पोरांचे दर सहा महिन्यांनी असेही बदलतात. देणगीवाला काय विकत घेतो तर सुरुवातीची ती कोरडी दोन-तीन वर्षं. त्या दिवसांत मैदानात टिकून कोण राहणार ते त्याच्या पैशावर ठरतं.

हे नीट ओळखून उभं केलेलं कॉलेज म्हणजे व्हर्जिनियातलं पॅट्रिक हेन्री. मायकल फॅरिसनी २००० साली सुरू केलं, मुख्यतः घरीच शिकलेल्या ख्रिश्चन मुलांसाठी, सरकारचा पैसा घ्यायचा नाही, सगळं फी आणि देणग्यांवर. उघड म्हणायचे की आम्हाला देशाचं नेतृत्व करणारी मुलं घडवायचीत. २००४ मध्ये व्हाइट हाऊसच्या जवळपास शंभर इंटर्न्सपैकी सात या एका कॉलेजचे होते, आणि कॉलेजात मुलं किती तर अडीचशेच्या आत! नावाजलेल्या युनिव्हर्सिट्यांना हेवा वाटावा असा आकडा आहे. आणि दोनच वर्षांनी, २००६ मध्ये, पाच प्रोफेसर नोकरी सोडून गेले, वर्गात काय शिकवायचं याचं स्वातंत्र्य नाही म्हणून. सोळा-सतरा पूर्णवेळ शिक्षकांतले पाच म्हणजे केवढे झाले बघ. प्लेसमेंट उत्तम, पण शिकवणाऱ्यालाच श्वास घेता येईना.

त्याच्या पुढचा टप्पा रीजंट युनिव्हर्सिटीचा. टीव्हीवर धर्मोपदेश करणारे पॅट रॉबर्टसन, त्यांनी १९७० च्या दशकात काढलेली. तिथल्या सरकारी धोरणाच्या स्कूलच्या माजी डीन के कोल्स जेम्स २००१ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या मनुष्यबळ खात्याच्या प्रमुख झाल्या. त्यात गैर काहीच नाही, कुठल्याही मोठ्या युनिव्हर्सिटीची माणसं अशीच जातात, आणि त्यांच्या पाठोपाठ ओळखीचेही जातात. पण तिथल्याच लॉ स्कूलची १९९९ ची पदवीधर मोनिका गुडलिंग न्याय खात्यात मोठ्या जागी पोचली आणि नोकरभरती करताना उमेदवाराचं राजकारण काय ते बघायला लागली, जिथे कायद्याने ते बघायला बंदी आहे तिथे. २००७ मध्ये काँग्रेससमोर, म्हणजे तिथल्या संसदेसमोर, तिने स्वतः कबूल केलं की मी मर्यादा ओलांडली, २००८ च्या चौकशी अहवालातही तेच आलं. अगं, बाई वाईट असेल असं मला म्हणायचंच नाही. एकाच प्रकारच्या लोकांत शिकलीस, त्यांच्याच ओळखीवर नोकरी लागली, त्यांच्यातच उठबस, की "आपला माणूस" आणि "लायक माणूस" यातला फरकच दिसेनासा होतो. हे ख्रिश्चन कॉलेजचंच आहे असंही समजू नकोस, कुठल्याही कंपूत होतं. पण तू ज्या क्षेत्रात चाललीयस तिथे तुझ्या सहीने दुसऱ्याची नोकरी जाते किंवा येते, म्हणून तुला सांगतेय.

आणि सरकारचा पैसा नको म्हणण्यामागे काय असतं तेही बघून ठेव. ग्रोव्ह सिटी नावाचं पेनसिल्व्हेनियातलं कॉलेज, तेलाच्या धंद्यातले जे. हॉवर्ड प्यू त्यांचे मोठे देणगीदार. कॉलेज म्हणायचं आम्ही सरकारकडून दमडी घेत नाही मग मुलगा-मुलगी भेदभाव करू नका हे तुमचे नियम आम्हाला का. सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये सांगितलं की तुमच्या मुलांना सरकारी ग्रँट मिळते ना, मग निदान तुमच्या आर्थिक मदतीच्या विभागाला तरी नियम लागू. पुढे कॉलेजने सरकारी मदतच बंद केली आणि त्या जागी खाजगी देणग्यांचा फंड उभा केला. कुणी याला स्वाभिमान म्हणेल, कुणी हिशोब चुकवणं. मला विचारशील तर अशा कॉलेजात मुलीने तक्रार करायची झाली तर कुणाकडे करायची, हा प्रश्न मी अ‍ॅडमिशनच्या आधी विचारेन.

उलट अटलांटातलं स्पेलमन कॉलेज घे. १८८१ साली एका चर्चच्या तळघरात अकरा बायकांना घेऊन सुरू झालं, बहुतेकजणी आधी गुलामीत राहिलेल्या. सोफिया पॅकार्ड आणि हॅरिएट जाइल्स या दोघी चालवायच्या. तेलाच्या धंद्यात गब्बर झालेल्या रॉकफेलरना त्यांचं काम भावलं, त्यांनी पैसे दिले, आणि १८८४ मध्ये त्यांच्या बायकोच्या माहेरचं नाव शाळेला लागलं. रॉकफेलरबद्दल तुझं काय मत आहे ते मला पाठ आहे, धंदा कसा केला वगैरे, मी वाद घालत नाही. पण तिथल्या १९६० च्या मॅरियन राइट एडलमनने मुलांच्या हक्कांसाठी आयुष्य घातलं, १९९५ ची स्टेसी अब्रॅम्स जॉर्जियाच्या राजकारणात विरोधी पक्षाची नेता झाली. त्या दोघींना तेल कंपनीची भलामण करायला कुणी सांगितलं नव्हतं. रॉकफेलरना वर्गात शिरून हे शिकवू नका म्हणायची सोय नसेल तर नाव पाटीवर राहतं, बस.

म्हणून अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल टाकच. विचार की ही स्कॉलरशिप एंडोमेंटमधून आहे की दरवर्षीच्या देणगीतून. एंडोमेंट असेल तर मुद्दल गुंतवलेलं असतं आणि दरवर्षी त्यातले चार-पाच टक्के खर्च होतात, म्हणजे देणगीदार उद्या रुसला तरी तुझी फी थांबत नाही. दरवर्षीची देणगी असेल तर त्याच्या मूडवर आहे, जपून. विद्यार्थी निवडतं कोण तेही विचार. अमेरिकेत देणगीवर करसवलत हवी असेल तर देणगीदाराला अमक्यालाच द्या असं ठरवता येत नाही, निवड कॉलेजने करायची असते, तेव्हा तुला निवडलंय ते कॉलेजने, शेटजींनी नाही. श्रद्धेच्या कुठल्या घोषणापत्रावर सही मागतात का ते बघ, मागत असतील तर पटत नसताना सही करू नकोस, त्यापेक्षा नाही म्हण, आपण दुसरी सोय बघू. प्रार्थनेला हजेरी सक्तीची असेल तर बसायला काय हरकत आहे, कान बंद ठेवून बसू नकोस एवढंच. आणि मागच्या पाच वर्षांत कुणी प्रोफेसर भांडून सोडून गेलाय का, ते माजी विद्यार्थ्यांना विचार, ब्रोशरमध्ये नसतं ते.

वर्षातून एकदा देणगीदाराला थँक्यू लेटर लिहायला लावतील, बहुतेक ठिकाणी असतंच. त्याचा तुला राग येईल, मला माहितीये. लिही. दोन परिच्छेद, काय शिकलीस, काय वाचलंस, पैशाने नेमकं काय सोपं झालं. "तुमचे उपकार जन्मभर फिटणार नाहीत" असलं काही नको. त्यांच्या एखाद्या मताशी तुझं पटत नसेल तर ते त्या पत्रात उकरून काढायची गरज नाही आणि लपवायचीही नाही, विचारलं तर सांग. डिनरला बोलावलं तर जा, शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला विचार की तुम्ही पैसे का देता, उत्तर ऐकण्यासारखं असतं बरेचदा. आमच्या ट्रस्टमध्ये तर निम्म्या देणग्या कुणाच्या तरी आठवणीत आलेल्या असायच्या, त्यात राजकारण वगैरे काही नसायचं. उरलेल्या निम्म्यांचे अर्ज मात्र मी दोनदा वाचायचे.

अजून एक, इंटर्नशिपला तुझ्याच कॉलेजच्या ओळखीने लागलीस तर लाग, लाजायचं काय त्यात. पण पुढे कधी तुझ्या हातात कुणाला घ्यायचं हे आलं की ज्याच्यामागे कुणाचा स्टायपेंड नव्हता अशा एखाद्याचा बायोडेटा मुद्दाम वर काढून बघ.

अर्जाची तारीख जवळ आलीये. निबंधाचा कच्चा ड्राफ्ट आज रात्री पाठव, मी मजकूर बघते, बाबा कॉमा बघतील. आणि एंडोमेंटचं उत्तर आलं की ते पत्र मला फॉरवर्ड कर, तू फक्त पहिलं पान वाचतेस, अटी नेहमी मागे असतात.

तुझी
आई