‘लेसर करून घ्या’ एवढे सांगून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या करिअर पुरवणीतील अग्निशमन दलाच्या भरतीवरचा लेख वाचला आणि राहवेना म्हणून लिहायला बसलो. मैदानी चाचणीची माहिती व्यवस्थित दिली आहे, त्याबद्दल आभार. पण ‘चष्मा असल्यास भरतीपूर्वी लेसर शस्त्रक्रिया करून घ्यावी, मग अडचण राहत नाही’ हे वाक्य कोणाला विचारून छापले? अडचण राहते. माझ्या सख्ख्या भाच्याच्या बाबतीत राहिली.

मी लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालो आहे. फायरमनला चष्मा नको, या नियमाशी माझे अजिबात भांडण नाही. बीए सेटचा, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर घ्यायच्या हवेच्या सिलिंडरचा, मास्क चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो. चष्म्याची काडी कडेखाली आली की तिथे फट राहते आणि धूर आत येतो. दाढी वाढवलेल्या जवानाला मास्क देत नाहीत, तेही याच कारणाने. मास्कच्या आत बसवायची चष्म्याची खास फ्रेम मिळते, पण आपल्याकडच्या किती नगरपालिका ती घेऊन देतील? आणि मास्क नसतानाही वाफेत काच धुरकटते, धावपळीत चष्मा पडतो. तेव्हा मुलांनी नंबर घालवायचा विचार करणे साहजिक आहे.

माझ्या भाच्याने तेच केले. वय एकोणीस. बहिणीने बचत गटातून कर्ज उचलून शहरातल्या एका दवाखान्यात लॅसिक ही लेसर शस्त्रक्रिया करून आणली. पोरगा काय करणार आहे, हे तिथे कोणी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी त्याला भिंतीवरचे कॅलेंडर चष्म्याशिवाय वाचता आले, तेव्हा घरात पेढे वाटले. पुढे एका भरतीत तो धावला, दोर चढला, पुतळा खांद्यावर घेऊन पळाला, यादीत वर आला. वैद्यकीय तपासणीत तक्त्यावरची शेवटची ओळही वाचली. मग डॉक्टरांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगितले आणि बुबुळावरच्या कापाची गोल कड त्यांना दिसली. ‘ऑपरेशन झालंय का?’ ‘हो.’ अपात्र. जाहिरातीत फक्त ‘चष्म्याशिवाय दृष्टी निर्दोष असावी’ एवढेच लिहिले होते. घरी येऊन तो मला म्हणाला, ‘मामा, चालत नाही असं कुठं लिहिलं होतं ते दाखवा ना.’ मी ती जाहिरात पुन्हा पुन्हा वाचली. कुठेच लिहिलेले नव्हते.

डॉक्टरांची शंका निराधार होती असे मी म्हणत नाही. लॅसिकमध्ये पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, पातळ चकती कापून उचलतात, खाली लेसर मारतात आणि चकती परत बसवतात. ती चिकटते, पण मूळच्याइतकी पक्की कधीच होत नाही. जोराचा मार बसला तर वर्षांनंतरही सरकू शकते. आगीच्या ठिकाणी होजचा फटका, छतावरून कोसळणारे लाकूड, उडालेली काच हे रोजचेच. पीआरके या दुसऱ्या पद्धतीत चकती कापतच नाहीत. वरचा नाजूक थर काढून लेसर मारतात. सुरुवातीचे काही दिवस डोळे फार दुखतात, उजेड सहन होत नाही, नजर स्थिरावायला काही आठवडे, कधी महिनेही जातात. म्हणून दवाखान्यात लॅसिकच पुढे करतात आणि पोरांनाही तेच सोपे वाटते. अंगावर मार घेण्याची नोकरी करायची असेल तर हा फरक आधी कळायला हवा. स्माइल या आणखी एका लेसर पद्धतीतही चकती नसते, बारीक छेद असतो. कोणाच्या डोळ्याला काय चालेल हे पारपटलाची जाडी आणि आकार मोजून डॉक्टर ठरवतील, पण विचारायचे काय हे तरी मुलांना माहीत हवे.

आता मुख्य तक्रार, आणि ती फक्त तुमच्याकडे नाही. हवाई दलात अधिकारी व्हायचे तर सगळे लेखी आहे : शस्त्रक्रिया विसाव्या वर्षाआधी झालेली नसावी, होऊन किमान १२ महिने झालेले असावेत, डोळ्याची लांबी २५.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, पारपटलाची जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी. मुलगा घरी बसून ठरवू शकतो की आपण यात बसतो की नाही. मग महापालिका आणि नगरपालिकांच्या अग्निशमन भरतीत हे का लिहीत नाहीत? चालत नसेल तर ‘चालत नाही’ असे छापा. चालत असेल तर कोणती पद्धत आणि किती महिन्यांनंतर, ते छापा. सगळ्या चाचण्या पार केल्यावर, शेवटच्या टेबलावर, समोर बसलेल्या डॉक्टरांच्या मतावर हे का सोडायचे? एका दलात पात्र आणि शेजारच्या दलात अपात्र, असे होता कामा नये.

आणखी एक. रंगांधळेपणावर लेसरचा काही उपयोग नाही. रंगांच्या तपासणीत ठिपक्यांतला आकडा ज्याला दिसत नाही त्याला तो शस्त्रक्रियेनंतरही दिसणार नाही. माझ्याकडे पहाटे मैदानावर सरावाला येणाऱ्या पोरांपैकी एक जण केवळ या गैरसमजापायी पैसे साठवतो आहे. तुमच्या लेखात याचा उल्लेख नाही.

आणि त्या लेखाच्या बरोबर खाली एका लेसर केंद्राची सवलतीची जाहिरात होती. जाहिरातीवर वर्तमानपत्र चालते हे मला मान्य आहे. परंतु वर सल्ला आणि खाली दुकान पाहिले की गावाकडचा वाचक दोन्हीला बातमीच समजतो. निदान पान तरी वेगळे ठेवा.

पुढच्या पुरवणीत एखाद्या नेत्रतज्ज्ञाला आणि एखाद्या अग्निशमन अधिकाऱ्याला एकत्र बसवून याच विषयावर लिहून घ्यावे आणि कालचे ते वाक्य दुरुस्त करून छापावे, ही विनंती. भाच्याची वयोमर्यादा अजून संपलेली नाही. तो पुढच्या जाहिरातीची वाट पाहतो आहे आणि तिच्यात काय लिहिलेले असेल, हे मी त्याला आज सांगू शकत नाही.

आपला,
एक निवृत्त लीडिंग फायरमन, सातारा
(नाव व पत्ता सोबत जोडला आहे, छापू नये.)