ज्येष्ठांसाठी सायकल: दांडी खाली, सीट योग्य उंचीवर

महोदय,

सात रस्त्याकडून विजापूर रोडने संभाजी तलावाकडे पहाटे जाताना साठी ओलांडलेली मंडळी पुन्हा सायकलवर दिसतात, याचा मला मनापासून आनंद होतो. मात्र माझ्या ओळखीतल्या अनेकांच्या सायकली दोन-तीन महिन्यांतच जिन्याखाली जाऊन पडल्या, कारण त्या त्यांच्या शरीराला मानवणाऱ्या नव्हत्या.

मी स्वतः 67व्या वर्षी, मोठ्या खंडानंतर सायकल घेतली. दुकानदाराने जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली, कॉलेजच्या मुलांना शोभेल अशी सायकल पुढे केली आणि मीही ती फेरी न मारता घेतली. हँडल सीटपेक्षा खाली असल्याने अंगाचा भार हातांवर येई, तळहात बधिर होत, मान आखडे. उतरताना पाय मागून फिरवावा लागे. त्यात एकदा तोल गेला आणि मी पडलो.

या पडण्याच्या भीतीनेच आपण सीट खाली घेतो. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले की धीर येतो हे खरे, पण मग प्रत्येक पायडलला गुडघा नको तितका दुमडतो आणि दुखणे सुरू होते. सीटची उंची ठरवण्याची रीत सोपी आहे: पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, म्हणजे चवड्याने चालवताना गुडघा किंचितच वाकलेला राहतो. एवढ्या उंच सीटवरून थांबताना पुढे सरकून खाली उतरावे लागते, आणि त्यासाठी मधली दांडी खाली असणे फार सोयीचे. अशा सायकलीला आपण ‘लेडीज सायकल’ म्हणतो आणि पुरुष ती घ्यायला लाजतात. गुडघा आणि कंबर पूर्वीसारखी वळत नसताना ही लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही. मी आता तीच चालवतो.

हँडल सीटच्या पातळीवर किंवा थोडे वर असावे. ताठ बसल्यावर भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो, म्हणून सीट जरा रुंद हवी. मात्र फार मऊ गादी असेल तर हाडे आत रुततात आणि अर्ध्या तासात त्रास होतो. शॉकअपने वजन वाढते आणि जोर लावताना थोडी शक्ती त्यातच जिरते. आपल्या शहरातल्या खड्ड्यांसाठी मध्यम रुंदीचे, साधारण 40 मिलिमीटरचे टायर पुरेसे असतात. त्यांच्या कडेवर हवेची मर्यादा छापलेली असते, तिच्या आत राहून हवा थोडी कमी ठेवली की हादरे बरेच कमी होतात. चेनकव्हर हवेच, नाहीतर पायजमा अडकतो.

शहरातील सायकल विक्रेत्यांना माझी विनंती आहे की खाली दांडीची, मोठ्या माणसाच्या मापाची किमान एक सायकल दुकानात तयार ठेवावी, आणि ज्येष्ठ ग्राहकाला सीट व हँडल त्याच्या मापाने लावून देऊन पंधरा-वीस मिनिटांची फेरी मारू द्यावी. पैसे त्यानंतर घ्यावेत.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सोलापूर